साथीच्या दिवसांत दारोदार फिरणारी मुले

ऑक्टोबर संपत आला की आमच्या दवाखान्यात एक ठरलेला विषय निघतो. रक्तदाब तपासायला आलेले आजोबा दंडाचा पट्टा सुटताच खिशातला मोबाईल काढतात आणि फोटो पुढे करतात. फोटोत एक सांगाडा, एक चेटकीण आणि बाबागाडीत भोपळ्याच्या पोशाखातले तान्हे बाळ. "आमची नातवंडं, डॉक्टर. न्यू जर्सीला असतात. हॅलोविनला लोकांच्या दारोदार जाऊन गोळ्या-चॉकलेटं मागून आणतात म्हणे. आम्ही असं मागायला गेलो असतो तर वडिलांनी पाठ सोलली असती!"

पाठ सोलली असती हे खरे असेल. पण आपल्याकडे मुले दारोदार जातच नव्हती असे नाही. कोकणात शिमग्याला सोंगे काढून पोस्त मागत पोरे फिरतात. भोंडल्याच्या मुली रोज नव्या घरी जातात, डबा हलवून आतली खिरापत ओळखतात आणि ती खाऊनच परततात. संक्रांतीला तिळगुळाची डबी घेऊन आळी पालथी घालणारी मुले तर गावोगाव आहेत. हॅलोविन त्याच जातीचा सण. १ नोव्हेंबर हा ख्रिस्ती संतांच्या स्मरणाचा दिवस आणि ३१ ऑक्टोबर ही त्याची आदली संध्याकाळ. आयर्लंड व स्कॉटलंडमधून गेलेल्या लोकांनी ती अमेरिकेत नेली. भुताखेतांची सोंगे घेऊन मुलांनी 'गोड द्या, नाहीतर खोडी काढू' असे म्हणत घरोघर हिंडण्याची चाल तिकडे १९३०च्या दशकात पसरली.

एरवी या सणाचे आरोग्याच्या सदरात काही काम नव्हते. पण २०२० साली कोरोनाच्या महासाथीत लाखो आईबापांपुढे प्रश्न उभा राहिला, की मुलांना दारोदार पाठवायचे की नाही? त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना संसर्गाविषयी जे काही समजले, ते फक्त कोरोनाला आणि फक्त अमेरिकेला लागू नाही. सर्दी-तापाची कोणतीही साथ असो, मुले दर वर्षी कोणाच्या ना कोणाच्या दारी जाणारच आहेत. म्हणून आज थोडे सविस्तर.

२०२० सालचा हॅलोविन शनिवारी आला होता. त्यात पौर्णिमा. आपली कोजागरी आदल्याच रात्री झाली होती. सुट्टीचा दिवस आणि वर पूर्ण चंद्र, म्हणजे भुतांसाठी पर्वणीच! पण त्याच आठवड्यात अमेरिकेत दिवसाला ८० हजार, ९० हजार नवे रुग्ण सापडत होते आणि आकडा चढत होता. तिकडच्या सरकारी रोग नियंत्रण केंद्राने, ज्याला सीडीसी म्हणतात, सप्टेंबरमध्येच सणासाठी सूचना काढल्या होत्या. त्यांनी 'करा' किंवा 'करू नका' असे दोनच शब्द न वापरता धोक्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या. घरच्या घरी भोपळे कोरणे ही सर्वांत खालची पायरी. अंगणाच्या कडेला खाऊच्या पुड्या मांडून ठेवायच्या आणि मुलांनी येता-जाता एकेक उचलायची, ही मधली. आणि नेहमीप्रमाणे दार वाजवून मुठीने खाऊ घेणे, बंद जागेतल्या सोंगांच्या मेजवान्या, 'भूतबंगल्या'त रांगेने शिरून किंचाळणे, या गोष्टी सर्वांत वरच्या पायरीवर. लॉस एंजेलिस परगण्याने तर आधी दारोदार फिरण्यावर बंदीच जाहीर केली. लोकांनी ओरड केल्यावर एका दिवसात ती मागे घेऊन 'शिफारस नाही' एवढ्यावर आणली.

मला या पायऱ्या बंदीपेक्षा पटल्या. बंदी घातली की लोक सण सोडतात असा अनुभव नाही. ते तो पडद्याआड करतात, आणि श्वासाने पसरणाऱ्या रोगात पडद्याआडची जागाच सगळ्यांत वाईट असते. ती का, ते सांगतो.

गुरुजींचा प्रश्न

त्या ऑक्टोबरात आमचे एक जुने पेशंट, निवृत्त मुख्याध्यापक, मास्क लावून बाहेरच्या बाकावर बसले होते. मुलगी अमेरिकेत, नातू सात वर्षांचा. काकू मार्चच्या आधी मुलीकडे गेल्या होत्या, त्या विमाने बंद झाल्यामुळे तिकडेच अडकल्या. वय अडुसष्ट, मधुमेह. त्यांचा प्रश्न नेमका होता. "डॉक्टरसाहेब, नातू हट्ट धरून बसलाय. मुलगी म्हणते, चॉकलेटं आणली की सॅनिटायझरनं पुसून घेऊ आणि दोन दिवस गॅरेजमध्ये ठेवू. म्हणजे मग झालं ना?"

मी म्हटले, "गुरुजी, चॉकलेट राहू द्या बाजूला. तो कोणाबरोबर फिरणार ते सांगा."

"वर्गातली सहा-सात पोरं आहेत. नंतर एकाच्या घरी पिझ्झा."

"आणि दारावर येणाऱ्या पोरांना खाऊ कोण देणार?"

गुरुजी क्षणभर गप्प झाले. "ही देणार. तिला हौस आहे."

गुरुजींच्या मुलीला चॉकलेटाच्या कागदाची काळजी वाटत होती. मला काळजी वाटत होती ती पिझ्झाची खोली आणि दाराशी उभ्या राहणाऱ्या काकूंची. वाचकांनी हा फरक नीट ध्यानात घ्यावा, कारण पुढचे सगळे यावर उभे आहे.

कोरोनाचा विषाणू मुख्यतः माणसाच्या श्वासातून दुसऱ्याच्या श्वासात जातो. खोकला-शिंकेतून उडणारे तुषार जड असतात, ते चार-सहा फुटांत खाली पडतात. पण नुसते बोलताना, त्याहून अधिक ओरडताना किंवा गाताना, अतिशय बारीक कणही बाहेर पडतात आणि ते हवेत तरंगत राहतात. उदबत्तीचे उदाहरण घ्या. अंगणात तुळशीपाशी लावलेली उदबत्ती दोन हातांवर उभे राहिले तरी जेमतेम कळते. तीच देवघराच्या बंद खोलीत लावली तर कोपऱ्यातल्या माणसालाही वास येतो आणि ती विझल्यावरही तासभर घमघमत राहतो. श्वासातले कण असेच वागतात. जागा बंद किती, माणसे किती, वेळ किती आणि आवाज किती, या चार गोष्टींवर धोका ठरतो.

याचा सर्वांत बोलका दाखला अमेरिकेतल्याच वॉशिंग्टन राज्यातला आहे. स्कॅजिट नावाच्या परगण्यात १० मार्च २०२० रोजी एका गायनवृंदाची अडीच तास तालीम झाली. ६१ माणसे हजर होती. त्यातल्या एकाला सर्दीसारखी लक्षणे होती. लोकांनी काळजी घेतली नव्हती असेही नाही. दारात सॅनिटायझर होते, गळाभेट, हस्तांदोलन टाळले होते. तरीही त्या एकासह एकूण ५३ जण आजारी पडले. ३३ जणांच्या चाचणीत रोग सिद्ध झाला, बाकीच्यांचा लक्षणांवरून धरला गेला. दोघे दगावले. हात स्वच्छ होते. हवा तीच होती.

आता मुलांच्या फेरीकडे या. एका दारात मूल किती वेळ थांबते? अर्धा मिनिट. तेही उघड्यावर. अशी तीस दारे झाली तर पंधरा मिनिटे होतात. सीडीसीने त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला 'निकटचा संपर्क' म्हणजे काय याची व्याख्या सुधारली होती: बाधित माणसापासून सहा फुटांच्या आत, चोवीस तासांत एकूण पंधरा मिनिटे. त्यावरून काही पालकांनी हिशेब मांडला, की तीस दारांत पोरगा हद्दीला पोचलाच! हा हिशेब बरोबर नाही. ती पंधरा मिनिटे एकाच बाधित माणसाबरोबरची मोजायची असतात. तीस घरचे तीस माणूस काही सगळे बाधित नसतात. खरा लांबचा सहवास घडतो तो बरोबरच्या टोळीचा. दोन तास खांद्याला खांदा लावून फिरणे, एकमेकांच्या कानात कुजबुजणे, एकाच गाडीत कोंबून दुसऱ्या वस्तीत जाणे आणि शेवटी पिझ्झा. म्हणून मी गुरुजींना सांगितले की नातवाला जाऊ द्या, पण आईबापांबरोबर, आपल्याच घरच्यांची टोळी करून, दिवसाउजेडी, आपल्याच गल्लीत. पिझ्झा घरी.

काकूंचे गणित उलटे होते. मूल प्रत्येक दारात अर्धा मिनिट थांबते, पण दार उघडणाऱ्या माणसापुढे साठ-सत्तर मुले येऊन जातात. प्रत्येक जण वर तोंड करून आनंदाने ओरडतो. उंबरठ्यावर उभे राहिले की बाहेरची हवा आत येत राहते. घरातल्या सर्वांत वृद्ध आणि मधुमेही माणसाने हे काम करू नये. काकूंनी पुड्या बांधाव्यात, त्या फाटकाशी टेबलावर मांडाव्यात आणि आपण व्हरांड्यात खुर्ची टाकून लांबून सोंगांचे कौतुक करावे. त्यांनी तसेच केले. त्या वर्षी तिकडे अशा बऱ्याच युक्त्या निघाल्या. कोणी जिन्याच्या कठड्याला सहा फुटी पुठ्ठ्याची नळी बांधून वरून गोळ्या सोडल्या, कोणी दोरीवर कपडे वाळत घालावेत तशा पुड्या चिमट्यांनी टांगल्या. मुलांना तर नळीतून घरंगळत येणारी गोळी हातात दिलेल्या गोळीपेक्षा जास्त आवडली असणार.

बदनाम टॉफी

राहिले ते चॉकलेट पुसण्याचे. २०२० मध्ये आपण सर्वांनीच काय काय पुसले, ते आठवून पाहा. भाजी सोड्याच्या पाण्यात घातली, दुधाच्या पिशव्या साबणाने धुतल्या, नोटांवर इस्त्री फिरवली. वर्तमानपत्रातून कोरोना येतो या भीतीने लोकांनी अंक बंद केले. एप्रिल २०२० मध्ये तर राज्यात काही दिवस घरोघर अंक टाकण्यावरच बंदी होती, हे या पानाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. तेव्हा माहिती अपुरी होती; सावधगिरी गैर नव्हती. पुढे अभ्यास झाला. प्रयोगशाळेत पृष्ठभागावर विषाणूचे अंश तास-दिवस सापडत असले, तरी त्यांना हात लागून माणसाला लागण होणे फार दुर्मीळ असल्याचे दिसले. सीडीसीने एप्रिल २०२१ मध्ये स्पष्ट केले, की दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागल्याने लागण होण्याची शक्यता साधारणतः दहा हजारांत एकाहूनही कमी आहे.

याचा अर्थ हात धुऊ नका असा मुळीच नाही. खाऊ तोंडात टाकण्यापूर्वी साबणाने हात धुणे हा नियम कोरोनाच्या आधीही होता व नंतरही राहील. जुलाब, कावीळ, जंत हे सगळे हातावाटेच पोटात जातात. पण कागदात गुंडाळलेली टॉफी औषधाने पुसत बसणे यात वेळ जातो, आणि त्याहून वाईट म्हणजे आपण काळजी घेतली असे समाधान मिळते. त्या समाधानाच्या भरात माणूस खिडक्या लावून दहा जणांना जेवायला बसवतो. शिवाय सॅनिटायझरचा स्पिरिटसारखा पदार्थ खाऊवर लावणे चांगले नाही आणि मेणबत्तीच्या भोपळ्याजवळ किंवा आपल्या पणत्यांजवळ ओल्या हाताने जाणे तर धोक्याचेच. दिव्यांच्या सणाला हात साबणानेच धुवावेत.

हॅलोविनच्या टॉफीवर असा आळ यायची ही पहिलीच वेळ नव्हे. अनोळखी लोक मुलांच्या खाऊत विष किंवा ब्लेड घालतात ही भीती अमेरिकेत कित्येक वर्षे घर करून आहे. जोएल बेस्ट या समाजशास्त्रज्ञाने जुन्या बातम्या धुंडाळल्या, तेव्हा अनोळखी माणसाने असे विष देऊन एखादे मूल मारल्याचे त्याला आढळले नाही. १९७४ साली टेक्सासमध्ये एक मुलगा विषारी गोडाने खरेच दगावला, पण ते विष त्याच्या सख्ख्या बापाने विम्याच्या पैशासाठी घातले होते. दुसरीकडे, त्याच संध्याकाळी मुलांना खरोखर मारणारी गोष्ट होती मोटार. १९७५ ते २०१६ या ४२ वर्षांच्या अपघातांचा अभ्यास झाला. आठवडाभर आधीच्या आणि नंतरच्या संध्याकाळींच्या मानाने हॅलोविनच्या संध्याकाळी पायी चालणाऱ्यांच्या मृत्यूचा धोका ४३ टक्क्यांनी अधिक निघाला, आणि चार ते आठ वर्षांच्या मुलांत तो सर्वांत जास्त वाढलेला होता. अंधार, काळे पोशाख, डोळ्यांवर येणारे मुखवटे आणि धावत रस्ता ओलांडणे. आईबाप मात्र दिव्याखाली टॉफीचे कागद तपासत बसलेले! भीती जिथे वाटते आणि धोका जिथे असतो त्या जागा पुष्कळदा निराळ्या असतात, हे आम्हा डॉक्टरांना रोज दिसते.

मुखवट्याबद्दल दोन शब्द. प्लॅस्टिकच्या राक्षसाच्या मुखवट्याला नाकातोंडापाशी भोके असतात. त्याने विषाणू अडत नाही. काही मुलांना आत साधा मास्क आणि वरून राक्षस असे दुहेरी झाकण घातले जाई. तेही नको, श्वास कोंडतो. मास्क लावायचाच तर तोच रंगवून सोंगाचा भाग करावा. दोन वर्षांखालच्या बाळाला मात्र कुठलाच मास्क लावू नये.

सण संपल्यानंतरचे जेवण

आता त्या पिझ्झाकडे वळू. हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. २०२० मधील वाढदिवसांचा एक अभ्यास २०२१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. संशोधकांनी सुमारे २९ लाख कुटुंबांच्या विम्याच्या नोंदी घेतल्या. कल्पना साधी होती. वाढदिवस कोणाचा कधी येईल हे साथ पाहून ठरत नाही. म्हणून ज्या घरात नुकताच वाढदिवस येऊन गेला आणि ज्या घरात नव्हता, त्यांच्यातला फरक मोजायचा. ज्या भागात साथ जोरात होती तिथे वाढदिवस असलेल्या घरांत पुढच्या दोन आठवड्यांत दर दहा हजारांमागे ८.६ रुग्ण अधिक निघाले. मोठ्या माणसाचा वाढदिवस असेल तर ५.८, आणि लहान मुलाचा असेल तर १५.८! मोठे आपला वाढदिवस टाळतात, पण पोराचा हिरमोड करवत नाही. शेजारची चार, मामाकडची तीन, एवढी तर आपलीच माणसे, असे म्हणून हॉलमध्ये केक कापला जातो.

आमच्याच गावात त्या दिवाळीत असे एक घर होते. शेजाऱ्यांनी आणून दिलेला फराळाचा ताट बाहेरच्या कट्ट्यावर उन्हात ठेवून मग आत घेत. आणि पाडव्याला नातीचा पाचवा वाढदिवस, पंचवीस माणसे, डास येतात म्हणून खिडक्या बंद. आठवड्यात घरातले सहा जण तापले. नात दोन दिवसांत खेळू लागली. आजोबा सतरा दिवस जिल्ह्याच्या ठिकाणी ऑक्सिजनवर होते. ते परत आले, पण पूर्वीसारखे शेतावर चालत जाणे काही त्यांना पुन्हा जमले नाही.

हे असेच घडत होते. मुलांना आजार बहुधा सौम्य व्हायचा. काही थोड्या मुलांत दोन ते सहा आठवड्यांनी अंगभर सूज आणणारा, हृदयावर परिणाम करणारा गंभीर प्रकार दिसला, तो आपल्याकडेही २०२१ मध्ये बालरोगतज्ज्ञांनी पाहिला. पण एकंदरीत मुले तरून जात. अडचण अशी, की लक्षणे दिसण्याच्या दोन दिवस आधीपासून माणूस विषाणू पसरवू शकतो. 'आमच्या बंड्याला साधी शिंकही नाही' हे आईचे म्हणणे खरे असते आणि तरी उपयोगाचे नसते. म्हणून लक्षणांवर विसंबून न राहता जागा बदलायची. खेळ अंगणात, खाऊ अंगणात, आणि जेवण ज्याचे त्याच्या घरी.

'मग एक वर्ष सणच रद्द केला असता तर काय बिघडले असते?' असे विचारणारे वाचक असतील. प्रश्न रास्त आहे. अमेरिकेनेही हे पूर्वी केले आहे. दुसऱ्या महायुद्धात, मे १९४२ ते जून १९४७ या काळात तिकडे साखरेचे रेशनिंग होते. तेवढी वर्षे ही खाऊची फेरी जवळजवळ थांबली आणि साखर सुटताच पुन्हा दुप्पट जोमाने सुरू झाली. सण असे मरत नसतात. पण साखर नसणे आणि सवंगडी नसणे यात फरक आहे. २०२० मध्ये मुलांची शाळा बंद, मैदान बंद, आजोळ बंद. सहा-सहा महिने पडद्यापुढे बसलेली मुले मी पाहिली. रात्री अंथरूण ओले करू लागलेली मोठी मुले, बोलणे कमी झालेली मुले, वजन वाढलेली मुले. तासभर उघड्यावर, आईचे बोट धरून, तोंडाला रंगवलेला मास्क लावून फिरणे हा त्यांच्यासाठी चैनीचा भाग नव्हता. मात्र घरात कोणी कॅन्सरचे उपचार घेत असेल, कोणाचे मूत्रपिंड बदललेले असेल, किंवा घरात आधीच कोणी तापलेले असेल, तर त्या घराने दिवा मालवून आत बसावे हेच योग्य होते. ओसरीतला दिवा बंद असेल तर मुलांनी त्या दारी जायचे नाही, असा हॅलोविनचा जुना संकेतच आहे.

२०२१ च्या हॅलोविनला मोठ्यांना लस मिळालेली होती, मुलांना नव्हती. पाच ते अकरा वर्षांच्या मुलांच्या लशीला तिकडे २९ ऑक्टोबरला परवानगी मिळाली आणि २ नोव्हेंबरला शिफारस निघाली. सण बरोबर मध्ये सापडला! तरीही त्या वर्षी तज्ज्ञांनी उघड्यावर फिरायला हरकत नाही असे सांगितले, कारण वर्षभरात उघड्या हवेचे महत्त्व पटले होते. पुढे ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. विषाणू गेलेला नाही. फ्लूसारखाच तोही अधूनमधून डोके वर काढतो.

तेव्हा आता, म्हणजे एरवीच्या वर्षी, नातवंडांनी हॅलोविनला जावे का? जरूर जावे. आपल्या मुलींनी भोंडल्याला आणि मुलांनी तिळगूळ घेऊन जावे का? जरूर. पण ताप आलेल्या मुलाला मात्र पाठवू नये. आमच्याकडे एक गोष्ट सर्रास चालते. सकाळी ताप, दुपारी पॅरासिटामॉलचे औषध, संध्याकाळी अंग गार, की 'आता बरं आहे हो' म्हणून पोर कार्यक्रमाला हजर. औषधाने ताप उतरतो, संसर्ग उतरत नाही. औषध न देता पूर्ण चोवीस तास ताप आला नाही, तरच मूल बाहेर सोडावे. कांजिण्यांत सर्व फोडांवर खपल्या धरेपर्यंत घरी ठेवावे. गालगुंड असेल तर सूज आल्यापासून पाच दिवस, गोवर असेल तर पुरळ उठल्यापासून चार दिवस. गोवरात तर रोगी खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत तिथली हवा लागट राहू शकते. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी भागात गोवराची साथ आली, ती लसी राहून गेलेल्या मुलांत अधिक पसरली. ज्यांच्या मुलांची गोवराची दुसरी मात्रा चुकली असेल त्यांनी सणाची वाट न पाहता ती सरकारी दवाखान्यात घ्यावी. पैसे पडत नाहीत. हात-पाय-तोंडाला फोड येणारा जो आजार हल्ली बालवाड्यांतून फिरतो, त्यात थुंकीतून लागण होते. अशा मुलाला एकाच वाटीत खिरापत खाऊ देऊ नये.

फ्लूची लस टोचल्यावर संरक्षण तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. अमेरिकेतल्या लेकी-सुनांना फोन कराल तेव्हा सण तोंडावर आल्यावर नव्हे, तर सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच याची आठवण द्या. दम्याची मुले आणि तिकडे राहायला गेलेले तुम्ही स्वतः, दोघांनाही ती उपयोगी आहे.

आणि खाऊची पिशवी घरी आल्यावर टॉफी पुसण्याऐवजी एक काम करावे. पिशवी जमिनीवर ओतून घरातल्या सर्वांत लहान मुलाच्या दृष्टीने पाहावी. गोल कडक गोळ्या, अख्खे शेंगदाणे, चिकट मोठे चौकोन हे चार वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागू देऊ नयेत. दाढा नीट आलेल्या नसतात, हसता-पळताना दाणा श्वासनळीत जातो. आमच्याकडे संक्रांतीला हलवा आणि अख्खा शेंगदाणा यांनी हेच होते. मूल एकदम खोकू लागले, आवाज निघेना, ओठ निळे पडू लागले तर घशात बोट घालून चाचपडू नका. एक वर्षापुढच्या मुलाला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच जोरदार थापा द्या. तेवढ्याने निघाले नाही तर मागून मिठी घालून बेंबीच्या वर मूठ ठेवून आत आणि वर असे पाच झटके द्या, आणि हे आलटून पालटून करीत राहा. तोपर्यंत दुसऱ्याने १०८ ला फोन लावावा. वर्षाच्या आतल्या बाळाला पोटावर झटके देऊ नयेत. त्याला मांडीवर पालथे, डोके खाली करून पाठीवर पाच थापा आणि मग उताणे करून छातीच्या मध्यावर दोन बोटांनी पाच वेळा दाबावे. खोकणारे मूल रडू शकत असेल, बोलू शकत असेल, तर त्याला जोराने खोकू द्यावे. पाठीवर मारू नये. आणि दाणा निघाला असे वाटले, तरी नंतर एका बाजूने शिट्टीसारखा श्वास ऐकू येत असेल किंवा खोकला थांबत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.